दोन खोल्यांमधला पाचालो

माक्विंजांच्या खोलीतनं पोरं रडत बाहेर यायची आणि नालुसोमायींच्या खोलीतनं हसत. त्यावरून दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलेल्या बायांनी ठरवूनच टाकलं होतं, मायींची परीक्षा खरी आणि माक्विंजांची खोटी. मला काही तसं वाटत नव्हतं. पण मला कोण विचारतंय? मी आठवीत शाळा सोडलेली. सोडली म्हणजे काय, मास्तरांनी मला डस्टर फेकून मारलं, मी ते त्यांना परत फेकून मारलं, आणि ते लागलं.

तेव्हापासून पाचालो माझ्या पाठीवर. माझा भाऊ, दीड वर्षाचा. आई उजाडायच्या आत चहाच्या मळ्यात पानं खुडायला जाते आणि अंधार पडताना येते. घरी आगोगो. ती माझ्या आईची आई, पण वागते सगळ्या गावाची आई असल्यासारखी. कुणाचं पोर कसं बसतं, कसं खातं, कुणापुढे गुडघे टेकत नाही, सगळ्यावर तिचं लक्ष.

आता ती परीक्षा. दवाखान्यातले हे दोघं शोधत होते एकच गोष्ट. पोराचे हात, पाय, डोकं वयाला धरून वाढतंय की मागं राहिलंय. रीती दोन. माक्विंजांकडे परदेशातनं आलेली लाकडी पेटी, गळ्यात घड्याळ. मायींकडे बांबूची टोपली, तिच्यात आपल्याच घरातल्या वस्तू. आपल्याकडच्या पोरांना कुठली रीत बरोबर मोजते ते ठरवायचं होतं, म्हणून प्रत्येक पोराला दोन्ही खोल्यांतनं काढत होते. दोन्हीकडे नापास झालं तर गुरुवारच्या गाडीनं शहरातल्या मोठ्या इस्पितळात, तिथे नसांचा डॉक्टर. एकीकडे जरी पास झालं तरी साबणाची वडी घ्या आणि घरी जा.

पाचालो साबण घेऊन घरी जावा, एवढंच मला पाहिजे होतं. कारण सांगते. हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

तो पाच महिन्यांचा असताना माझ्या पाठीवरनं पडला होता. मळ्यातल्या वाटेवर एक पोरगा मला 'डस्टरवाली' म्हणाला. मी त्याच्या मागे पळाले आणि चितेन्जेची गाठ सुटली. पाठीला बांधलेलं कापड सुटलं की पोर सरळ खालीच. पाचालो डोक्यावर पडला. थोडा रडला, मग गप्प झाला, दूध प्यायला. मी माती झटकली आणि कुणाला सांगितलं नाही. त्यानंतर तो जेवढ्या वेळा कशात मागे पडला, उशिरा बसला, उशिरा चालला, तेवढ्या वेळा मला ती वाट आठवली. आगोगो म्हणायची, "या पोराचं काहीतरी बिनसलंय." मी म्हणायचे, "तुझंच बिनसलंय."

पहिल्या सोमवारी आम्ही आधी माक्विंजांकडे गेलो. मला आत बसू दिलं, पण बोलायचं नाही म्हणाले. माक्विंजा माणूस वाईट नाही. उंच, सारखा घाम पुसणारा. त्यांनी लाकडाचे दोन ठोकळे पाचालोपुढे धरले आणि घड्याळ दाबलं. पाचालो ठोकळ्यांकडे बघेना. आधी तो खाली बसला. मोठ्या माणसाच्या हातातनं काही घ्यायचं तर आधी बसायचं, हे आगोगोनं त्याला चालायच्या आधी शिकवलेलं. तो बसून मानेनं नमस्कार करेपर्यंत घड्याळ वाजलं.

"नाही घेतलं," माक्विंजांनी लिहिलं.

"अहो, घेतोय की तो!"

"पोरी, बोलायचं नाही."

मग तीन पायऱ्यांची लाकडी शिडी. आमच्या अख्ख्या गावात एक पायरी नाही. पाचालो तिच्याभोवती फिरला आणि तिच्याखाली जाऊन बसला. मग चित्रं. एक पांढरी लांबडी होडी, तिच्यात पाणी आणि पाण्यात पोर. हे काय, असं विचारलं. मलाच कळलं नाही. माक्विंजा म्हणाले, अंघोळीचं भांडं आहे. मी म्हणाले, एवढ्या पाण्यात आमच्या आळीची अंघोळ होईल. त्यांना हसू आलं, पण त्यांनी खूण 'नाही'च्या घरात केली. सगळ्या खुणा 'नाही'च्या घरात. आमच्या आधी आलेल्या सहा पोरांचे कागद टेबलावर पडले होते. त्यांच्यावरही तसंच, वरपासून खालपर्यंत 'नाही'.

मायींच्या खोलीत जाईपर्यंत पाचालो रडून रडून झोपला होता. मायी म्हणाल्या, झोपलेल्या पोराला मी हात लावत नाही, पुढच्या सोमवारी आणा.

एक आठवडा मिळाला. मी काय केलं असेल? मायींच्या खोलीची मागची खिडकी नीट लागत नाही. मंगळवारी आणि बुधवारी मी पाचालोला पाठीवर घेऊन तिथे उभी राहिले आणि सगळी परीक्षा बघून घेतली. घेवड्याचे दाणे उचलून बाटलीत टाकायचे. प्लास्टिकच्या पिशव्यांचा चेंडू लाथेनं मारायचा. कप, कुदळ, चमचा यातलं मागतील ते द्यायचं. कणसाचे दाणे सोलायचे. बस. हे तर मी पाचालोला दोन दिवसांत शिकवीन!

गुरुवारी अंगणात बाटली ठेवली, दाणे मांडले. पाचालोनं दाणा उचलला आणि टाकला. पटकन. मी नाचलेच. मग आगोगो ओरडली, "डाव्या हातानं! लाज आहे का तुम्हा दोघांना? दवाखान्यातल्या मायीपुढे डावा हात करणारेस तू?"

बरोबरच होतं तिचं. डाव्या हातानं दिलेलं आमच्यात कुणी घेत नाही, आणि डाव्यानं घेणाऱ्याला कुणी परत देत नाही. पाचालोला तर ही खोड पहिल्यापासूनच. वर्षाचाही नव्हता तेव्हापासून सगळं डाव्यानं. आगोगो त्याच्या बोटांवर चापट मारायची. मीही मारायचे. खोटं कशाला बोलू, आगोगोपेक्षा जास्त मीच मारल्या असतील.

आगोगोनं जुन्या कापडाची पट्टी काढली आणि त्याचा डावा हात पोटाशी बांधून टाकला. "आता टाक बघू."

पाचालोनं दाण्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग खाली वाकून दाणा ओठांनी उचलला आणि बाटलीच्या तोंडावर थुंकला.

आगोगो हसत सुटली. मला राग आला. मला राग लवकर येतो. "नाटकं करतोस?" म्हणून मी त्याचा उजवा हात धरला आणि दाण्यावर दाबला. मूठ उघडेना. अंगठा आत, बोटं त्याच्यावर. मी एकेक बोट सोडवून काढलं. आतला तळवा पांढरा पडला होता, ओला, कुबट वासाचा. आणि तिथे काल रात्रीच्या न्सिमाचा कण होता. आम्ही मक्याच्या पिठाचा न्सिमा रात्री जेवलो होतो. सकाळी मी त्याचे हात धुतले होते. म्हणजे मी मुठीवरून पाणी ओतलं होतं. एवढ्या वेळात ती मूठ एकदासुद्धा पूर्ण उघडली नव्हती.

मी बोटं सोडली. ती परत मिटली, हळूहळू.

पाचालो हट्ट करत नव्हता. रडतही नव्हता. माझ्याकडे बघत होता, आता पुढे काय करायचं ते मी सांगेन म्हणून.

मी पट्टी सोडली. आगोगो म्हणाली, "एवढ्यात?" मी म्हणाले, "गप." आजीला गप म्हणतात का? तिनं मला केरसुणी फेकून मारली, मी ती परत फेकली नाही.

नंतर मला घरात बसवेना. त्याला घेऊन ओढ्यावर गेले आणि ओल्या लाल मातीत चालवलं. तो पुढे, मी मागे, खाली बघत. डाव्या पायाचा ठसा पूर्ण. उजव्या पायाची नुसती बोटं. टाच नाहीच. दहा पावलं बघितली, वीस बघितली. मग तो अडखळून पडला, नेहमी पडतो तसा, उजव्या गालावर. त्याचा उजवा गाल कायम सोललेला असतो. आई म्हणते मी लक्ष देत नाही. पण मी तिथेच होते, बघत होते. पडताना डावा हात पुढे गेला. उजवा जागचा हलला नाही.

म्हणजे खरंच बिनसलं होतं. आणि ते मीच बिनसवलं होतं, त्या वाटेवर, एका मूर्ख पोराच्या मागे पळून.

पुढचे तीन दिवस मी काय केलं माहितीये? त्याला दाणे बाटलीत टाकायला शिकवले. डाव्या हातानं. पास झाला म्हणजे संपलं, कुणी काही विचारणार नाही. रात्री मात्र त्याची मूठ सोडवून आतला तळवा पुसत बसायचे.

दुसऱ्या सोमवारी आगोगोही आली. म्हणाली, मायीला बघायचंय मला. खरं तर साबणाच्या बाबतीत तिचा आमच्यावर विश्वास नव्हता, तो आम्ही वाटेत विकून खाऊ असं तिला वाटत होतं.

नालुसोमायी जाड, हसऱ्या, पायांतनं चपला काढून चटईवर बसणाऱ्या. त्यांनी पाचालोला आधी खाली बसू दिलं, नमस्कार करू दिला, त्याला उलट नमस्कार केला. त्यांच्याकडे घड्याळच नव्हतं. मग दाणे, बाटली. पाचालोनं डाव्या हातानं सहाच्या सहा दाणे टाकले. आगोगोनं तोंडावर चितेन्जेचं टोक धरलं.

मायी पुढे झुकून हळूच म्हणाल्या, "असू दे हो, आगोगो. माझा मधलाही डावखुरा. मी असलं लिहीत नाही कागदावर. उगाच पोराला घरी जाऊन मार पडतो."

आणि हसून 'हो'च्या घरात खूण केली. चेंडू लाथेनं मारला, हो. कप दिला, डाव्या हातानं. मायींनी तो न बघितल्यासारखं करून घेतला, अगदी मायेनं. हो. कणीस त्यानं गुडघ्यांत धरून सोललं. "हुशार आहे गं!" हो.

मी भिंतीला टेकून उभी होते. बसताच येत नव्हतं. माझ्या मनात येत होतं, बघा की त्याच्या उजव्या हाताकडे. मग मनात येत होतं, नका बघू. बघू नका. संपवा.

"पास," मायी म्हणाल्या. "पोर छान आहे. माक्विंजांच्या पेटीला कळत नाही त्याला मी काय करू?" त्यांनी मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, शेजारच्या खोलीत ऐकू जावं म्हणून.

शेजारनं आवाज आला, "तुमच्याकडे तर बकरी आणली तरी पास होईल, मायी!"

"तुमच्याकडे तुम्ही स्वतः बसलात तरी नापास व्हाल, माक्विंजा बाम्बो!"

व्हरांड्यातल्या बाया खो खो हसल्या. आगोगोच्या हातात साबणाची वडी आली. ती तिनं हुंगून बघितली. मी पाचालोला खाली सोडलं, चला म्हणाले. झालं होतं. मला जे पाहिजे होतं ते झालं होतं.

दारात मातीचा उंचवटा आहे, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून केलेला. पाचालोचा उजवा पाय त्याला अडकला. तो सरळ पडला, तोंडावर, उजव्या गालावर. खपली निघाली. रक्त आलं.

आगोगोनं त्याला उचललं आणि माझ्यावर सुरू झाली. सगळ्यांसमोर. "डोळे कुठे असतात तुझे? रोज पडतो, रोज! शाळा नाही, काम नाही, एक पोर सांभाळायला दिलं तर तेही धड नाही! आंधळी आहेस का तू?"

आंधळी. मला आंधळी म्हणाली. माझ्या कानात काहीतरी फुटलं.

"मी आंधळी नाहीये! तुम्ही सगळे आंधळे आहात! माझ्यामुळे नाही पडत तो! त्याचा उजवा हात पुढेच येत नाही पडताना! तो डावखुरा नाहीये, त्याला उजवा उघडताच येत नाही! अंगठा आत असतो. टाच टेकत नाही. ओढ्यावर जाऊन बघा ठसे! आणि आपण दोघी त्याला मारतोय, आगोगो, वर्षभर मारतोय!"

एक बाई पोराला पाजत होती, ती पोरासकट उठून दाराशी आली.

माक्विंजा त्यांच्या खोलीतनं बाहेर आले. घाम पुसायचाही विसरले होते. म्हणाले, "अंगठा आत असतो? कधीपासून?"

"मला काय माहीत! गुरुवारी बघितलं मी."

त्यांनी आगोगोकडनं पाचालोला घेतलं. "माझ्या पुस्तकाच्या शेवटी एक पान आहे," ते मायींना म्हणाले, "वेळ जातो म्हणून मी ते करतच नाही." चटईवर गुडघे टेकून त्यांनी पाचालोला कमरेला धरलं, हवेत आडवं केलं आणि डोकं खाली करून एकदम चटईकडे नेलं, टाकल्यासारखं. मी ओरडलेच. पण तोपर्यंत पाचालोचा डावा हात पुढे आला होता, पाचही बोटं फाकलेली, जमीन धरायला. उजवा छातीशी दुमडलेला, मूठ बंद.

"परत करा," मायी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात हसू नव्हतं.

माक्विंजांनी परत तसंच केलं. पाचालोला मजा वाटायला लागली, तो खिदळला. डावा हात पुढे, उजवा छातीशी. तिसऱ्यांदाही तेच. मग मायींनी त्याचा उजवा पाय मांडीवर घेतला आणि पाऊल हलकेच वर दाबलं. घोटा अर्ध्यावर अडला. डावा दाबला तर तो पूर्ण वर आला. कागद घेऊन त्या आपल्याच 'हो', 'हो', 'हो'कडे बघत राहिल्या.

"कप मी त्याच्या डाव्या हातातनं घेतला," त्या म्हणाल्या. "बघूनही घेतला."

"आणि मी त्याला सगळ्यातच नापास केलं," माक्विंजा म्हणाले. "त्यात हा हात कुठे दिसणार?"

मी म्हणाले, "मग तुमच्या दोन दोन खोल्या कशाला आहेत?"

आगोगोनं या वेळी मला गप्प केलं नाही.

मायींनी कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. "बस इथे," त्या मला म्हणाल्या, "आणि बघितलंस ते सगळं सांग. हळू. मी लिहिते." मी उभ्यानंच सांगितलं. दाणा ओठांनी उचलला. बोटं सोडवली तर परत मिटली. रात्रीचा कण सकाळी मुठीत. वीस पावलांत उजवी टाच एकदाही नाही. नेहमी उजवाच गाल. त्या लिहीत गेल्या, मध्ये एकदाच थांबून म्हणाल्या, "वर्षाच्या आधीपासून डावाच? नक्की?" आगोगो म्हणाली, "नक्की. तेव्हापासूनच मी चापट मारतेय." आणि ती वडी दोन्ही हातांत घट्ट धरून बसली.

मग तो प्रश्न आला. मला माहीत होतं येणार म्हणून. "कधी पडला होता का? डोक्यावर?"

आगोगो म्हणाली, "छे, छे. कधीच नाही."

मायी पुढचं लिहायला लागल्या. नुसतं गप्प बसायचं होतं मला.

"पडला होता," मी म्हणाले. "पाच महिन्यांचा असताना. माझ्या पाठीवरनं. चितेन्जे सुटलं. मी पळत होते."

आगोगोनं माझ्याकडे बघितलं नाही. बाहेर बघत बसली. बाया कुजबुजायला लागल्या.

"त्यानंतर उलटी झाली? बेशुद्ध पडला? झटके आले?"

"नाही. दूध प्यायला."

"आणि जन्माच्या वेळी? लगेच रडला होता?"

आगोगोनं हातातली वडी खाली ठेवली. मग म्हणाली, "नाही रडला. पाण्यात बुडवला, पायांना धरून उलटा केला, तेव्हा कुठे रडला. मीच होते तिथे. पोरीला दवाखान्यात न्यायला उशीर मीच केला."

माझी मान गर्रकन वळली. हे मला कधीच कुणी सांगितलं नव्हतं.

"मग माझ्यामुळे नाही झालं?" मी मायींना विचारलं.

"मला सांगता येत नाही, पोरी. बहुतेक वेळा हे जन्माच्या आसपासचं असतं. पण बहुतेक म्हणजे नक्की नाही. शहरातले बघतील. त्यांनाही कळेलच असं नाही."

मला नक्की काहीतरी पाहिजे होतं. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण म्हणा. मी भिंतीला लाथ मारली. पाचालो परत खिदळला, त्याला वाटलं चेंडू आहे.

"गुरुवारच्या गाडीत याचं नाव घालते," मायी म्हणाल्या.

माक्विंजा म्हणाले, "नियमात बसत नाही, मायी. तुमच्याकडे पास आहे तो."

"मग तुम्ही सांगा गाडीवाल्याला, की माझी परीक्षा चुकली. तुम्हाला आवडेल सांगायला."

माक्विंजा हसले नाहीत. त्यांनी खिशातनं पेन काढलं आणि गुरुवारच्या यादीत पाचालोचं नाव स्वतः लिहिलं. "बरोबर कोण जाणार? एकच माणूस बसतं. आई पाहिजे, नाहीतर घरातलं मोठं कुणी."

आईला मळ्यातनं सोडणार नाहीत. म्हणजे आगोगो. मी दुसरीकडे बघायला लागले.

आगोगो उठली. उठताना गुडघ्यावर हात ठेवून 'अगाई' म्हणते ती नेहमी. "हिलाच न्या," ती म्हणाली. "मी जाऊन काय सांगणार? मला फक्त डावा हात दिसतो."

"वय किती हिचं?"

"लिहा मोठी म्हणून."

आम्ही घरी निघालो. पाचालो पाठीवर. दोन गाठी मारल्या, मग तिसरीही मारली. सोमवार होता, गुरुवारला अजून तीन दिवस. तीन दिवस काय करायचं? आईला आजच सांगायचं, पडल्याचंही सांगायचं, त्याच्या जन्माचं आगोगो सांगेल की मी? शहरात खायला काय न्यायचं? नसांचा डॉक्टर काय काय विचारेल?

"अगं, हळू चाल," मागनं आगोगो धापा टाकत ओरडली. "गाडी आज नाही सुटत!"

"माहितीये मला," मी म्हणाले, आणि हळू चालले नाही.